‘३० ते ७० टक्के’ : आफ्रिकेतील आरोग्यसेवेविषयीच्या एका आकड्याची झाडाझडती

आफ्रिकेतील धर्म आणि समाजविकास या विषयावरचे शोधनिबंध चाळू लागले की पहिल्या एकदोन पानांतच एक वाक्य वारंवार भेटते : ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार आफ्रिकेतील ३० ते ७० टक्के आरोग्यसेवा धर्मसंस्था पुरवतात.’ मदतसंस्थांच्या अहवालांत आणि चर्चच्या प्रकाशनांतही ते असते. सरकारी यंत्रणा निकामी आहे असे म्हणणाऱ्याला ते सोयीचे वाटते, तसेच विकासाच्या चर्चेत धर्माला जागा मिळावी असे म्हणणाऱ्यालाही. या वाक्यातला जवळपास प्रत्येक शब्द घासूनपुसून पाहावा असा आहे.

सुरुवात ‘अभ्यास’ या शब्दापासून करू. केप टाउन विद्यापीठाशी निगडित ‘आफ्रिकन रिलिजस हेल्थ ॲसेट्स प्रोग्रॅम’ या संशोधकगटाने संघटनेसाठी केलेले काम झांबिया आणि लेसोथो या दोन देशांपुरते होते, आणि एचआयव्ही-एड्सच्या काळात धार्मिक संस्था व माणसे काय करत आहेत हे समजून घेणे हा त्याचा हेतू होता. फेब्रुवारी २००७ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध करताना निघालेल्या पत्रकात मात्र हे प्रमाण आफ्रिकेचे म्हणून आले. लेसोथोची लोकसंख्या साधारण २० लाख, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षा कमी. तिथल्या अनुभवावरून नायजेरिया किंवा इथिओपियाविषयी काही बोलायचे, तर मधे बरेच काही सिद्ध करावे लागते.

त्यातून ‘आफ्रिकेतील’ हा शब्दच अडचणीचा आहे. दक्षिण आफ्रिकेत मिशन रुग्णालये १९७०च्या दशकात वर्णद्वेषी राजवटीने ताब्यात घेतली. मोझांबिकमध्ये १९७५च्या स्वातंत्र्यानंतर आरोग्यसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. अल्जीरिया किंवा ट्युनिशियाचा तर या हिशेबाशी संबंधच पोचत नाही. लेसोथो, मलावी आणि टांझानियात चर्चच्या रुग्णालयांचा वाटा खरोखरच मोठा आहे आणि तो कोणी नाकारू नये. डोंगराळ भागातल्या कितीतरी लोकांसाठी तेच एकमेव रुग्णालय असते. अशा देशांची सरासरी खंडाच्या नावावर खपवली, की ज्या देशांनी वेगळी वाट घेतली त्यांचा इतिहासच पुसला जातो.

आता ‘आरोग्यसेवा पुरवतात’. मूळ पत्रकात शब्द होते आरोग्याच्या पायाभूत सुविधांच्या मालकीचे. मालकी ही एक गोष्ट आणि सेवा ही दुसरी, शिवाय खर्च उचलणारा तिसराच असू शकतो. टांझानियात ज्या जिल्ह्यात सरकारी रुग्णालय नव्हते तिथे चर्चच्याच रुग्णालयाला जिल्हा रुग्णालयाचा दर्जा दिला गेला आणि सरकारी पैसा तिकडे वळला. मलावीत ख्रिस्ती आरोग्य संघटनेच्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी तिजोरीतून जातात. इमारत चर्चची, पगार सरकारचा. मग ही सेवा कोणाच्या खात्यावर मांडायची? खाटा मोजल्या तर चर्चचे पारडे जड दिसते, कारण मिशनांनी मुख्यतः रुग्णालये बांधली. कुटुंबांना घरी जाऊन विचारले, की आजारी पडल्यावर तुम्ही कुठे गेलात, तर सरकारी दवाखाना, खाजगी डॉक्टर आणि औषधाचे दुकान अशी उत्तरे येतात आणि धर्मसंस्थांचा वाटा खूपच खाली उतरतो.

खाटा मोजण्याच्या या सवयीवर खुद्द चर्चच्याच वर्तुळात फार पूर्वी टीका झाली होती. जिनिव्हात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने रुग्णालयांवर पैसा ओतण्याऐवजी गावाच्या आरोग्याकडे वळावे असा आग्रह धरला, आणि त्यासाठी ज्या प्रयोगांकडे बोट दाखवले त्यांत आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले डॉक्टर आरोळे दांपत्याचे जामखेडचे गावपातळीवरील आरोग्याचे काम होते. जामखेडचे मोल खाटांवरून ठरवायचे म्हटले तर हाती काय लागणार?

राहिला प्रश्न ‘३० ते ७०’चा. पंगतीला ३० माणसे येणार की ७०, हे ठाऊक नसेल तर कोणी भाताचे आधण ठेवत नाही. इतकी रुंद पट्टी पाहूनच शंका यायला हवी होती, की एकाच गोष्टीच्या मोजणीतून ती आलेली नसून वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मापांनी काढलेले आकडे शेजारी शेजारी ठेवल्याने ती तयार झाली आहे. संशोधकांना ती शंका आली. त्याच केप टाउनच्या गटातील जिल ऑलिव्हियर आणि जागतिक बँकेचे क्वेंटिन वोडन यांनी २०१२ मध्ये ‘डेव्हलपमेंट इन प्रॅक्टिस’ या नियतकालिकात अशा आकड्यांचा माग काढला आणि त्यांच्या प्रवासाला मुलांच्या कानगोष्टींच्या खेळाची उपमा दिली. एकाने दुसऱ्याचा हवाला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा. मूळ तक्ता उघडून पाहायचे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही. आफ्रिकेतील संशोधनाचा दर्जा कमी म्हणून हे घडले, असेही काहीजण ऐकवतात. ते तर साफ उलटे आहे : आकडा फुगला तो प्रसिद्धीच्या वाटेवर, आणि त्याचा माग काढण्यात केप टाउनच्याच संशोधक पुढे होत्या.

२००७च्या त्या मूळ अहवालात खरोखर वाचण्यासारखे होते ते वेगळेच. लेसोथोतल्या कार्यशाळांत लोकांनी आपल्या परिसराचे नकाशे काढले, आरोग्याला हातभार लावणारे कोण कोण ते त्यांत भरले. सेसोथो भाषेत ‘बोफेलो’ हा शब्द जीवन आणि आरोग्य या दोन्हींसाठी चालतो, आणि तो एकट्या माणसाला जसा लागू होतो तसाच घराला आणि गावाला. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारी शेजारीण या हिशेबात येते. टक्केवारीत तिला जागाच नव्हती, त्यामुळे पत्रकाबरोबर जगभर गेला तो आकडा आणि ती राहिली अहवालाच्या आतल्या पानांत.