सातच्या बातम्या घरच्या घरी

घरात दोन टीव्ही असतील तर आजच एक विकून टाका. जेवताना मोबाइलमध्ये तोंड घातलेली पोरं बघून तुम्हाला गलबलून येतं ना? "आमच्या वेळी सगळं घर मिळून बातम्या बघायचं," असं पाव्हण्यारावळ्यांना सांगता ना? मग नुसतं सांगू नका, करून दाखवा.

पहिल्यांदा एका पोराला अँटेना धरायला कौलांवर चढवा. अपार्टमेंट असेल तर गच्चीवर. अँटेना नसली तरी चढवा, त्याशिवाय आठवण तयार होत नाही. मुंबई दूरदर्शन सरकारनं २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू केलं असेल, आमच्या कोल्हापुरातल्या घरात ते माझ्या मनगटावर चालायचं. "आलं का?" "आलं... गेलं... हां, हितंच धर!" प्रदीप भिडेंच्या कितीतरी बातम्या मी हात वर करून नुसत्या ऐकल्यात. चेहरा खालच्यांच्या वाट्याला.

मग केबल आली आणि बातम्या थेट गल्लीत शिरल्या. इथं खरी शिस्त लागते. बातम्या सुरू असताना कुणी शिंकलं तरी वडिलांनी "गप की रं!" म्हणायचं. ते बातमीपेक्षा मोठ्यानं आलं पाहिजे, म्हणजे "काय म्हणाला तो?" असं दुसऱ्या क्षणी विचारता येतं.

"उद्या ए आणि बी वॉर्डात पाणी येणार नाही" एवढं कानावर पडलं की आईनं घागरी, बादल्या, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवावा. सकाळी नळाला पाणी येतंच. त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

फुटबॉलची बातमी असेल त्या दिवशी मेव्हण्याला जेवायला बोलावू नका. वडील पाटाकडील संघाचे, मामा दिलबहार संघाचा. शाहू स्टेडियमवर नव्वद मिनिटांत मिटलेला सामना आमच्या पाटावर पांढरा रस्सा गार होईपर्यंत चालायचा.

नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून वर सरकू लागतात. आजीला टीव्हीसमोर बसवा, पायातल्या चपला काढायला लावा. किरणं गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, आणि ढग आला. आजी टीव्हीच्या काचेवरून पदर फिरवायची, ढग पुसल्यासारखा.

पण मुलांचं गणित सुधारायचं असेल तर पावसाळा गाठा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे, एकातून १,४२८ क्युसेक. तीन उघडले तर किती? शाळेत सातचा पाढा अडखळत म्हणणारा मी ४,२८४ ताडकन सांगायचो. क्युसेक म्हणजे काय, हे घरात कुणालाच विचारायची सोय नव्हती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. वडील हे आकडे ताप मोजल्यासारखे ऐकायचे आणि पाणी गल्लीत किती वाजता येणार ते भिंतीकडं बघून सांगायचे. एकदाही बरोबर आलं नाही. पाणी रात्रीच यायचं.

आता शेवटचा प्रयोग. याला तेवढा पूर लागतो, त्याची सोय तुमची तुम्ही बघा. २००५ च्या जुलैअखेर आम्ही शुक्रवार पेठेतलं घर सोडून राजारामपुरीत मामाकडं चढलो. एका खोलीत अकरा माणसं आणि एक टीव्ही. मामानं दिलबहारचा विषय काढला नाही, एवढ्यावरून परिस्थिती ओळखा. संध्याकाळी बातम्यांत होडी फिरत गेली आणि आमची गल्ली आली. ओळखूच येईना. पाट्या पाण्याखाली, दारं पाण्याखाली, नुसते वरचे मजले. मी बोट दाखवून ओरडलो, "ते बघा आपलं घर!" आणि सवयीनं मान खाली घालून "गप की रं"ची वाट बघितली. वडील काही बोललेच नाहीत. आई मात्र उठून पार टीव्हीला नाक लावून उभी राहिली. गच्चीवरच्या दोरीला काहीतरी लोंबकळत होतं.

"चादर आत घ्यायची राह्यली बघा," ती म्हणाली, "परत धुवाय लागणार."