‘मम’ म्हणण्याची कला

सोव्हिएत संघाचं राष्ट्रप्रमुखपद चालून आलंय? अभिनंदन. आधी दारावरची पाटी वाचून घ्या: ‘सर्वोच्च सोव्हिएतच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष’. पाटी लांब, कारण काम आखूड. सत्यनारायणाच्या यजमानासारखं. मंत्र गुरुजींनी म्हणायचे, आपण पळीभर पाणी सोडून ‘मम’ म्हणायचं. गुरुजी म्हणजे अर्थात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस.

1936 च्या घटनेचं 49 वं कलम उघडा. वटहुकूम काढणं, पदकं देणं, परदेशी राजदूतांची अधिकारपत्रं स्वीकारणं, गुन्हेगारांना माफी, सगळं तुमच्या मंडळाकडे. छाती फुगली असेल तर वेळीच श्वास सोडा. हुकूम पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, ठरतो. खाली दोन सह्या लागतात, एक तुमची, दुसरी मंडळाच्या सचिवाची. पुढे सर्वोच्च सोव्हिएत वर्षातून दोनदा चार दिवस भरतं आणि एकमताने हात वर करतं. मसुदा वाचत बसू नका. वाचलं की शंका येते, आणि पेन अडखळतं.

कधी कधी सहीचाही त्रास नसतो. 5 मार्च 1940 ला पोलिश कैद्यांना गोळ्या घालायचा गुप्त पोलिसप्रमुख बेरियाचा प्रस्ताव मंजूर झाला. पॉलिटब्युरोतल्या स्टालिन, वोरोशिलोव्ह, मोलोटोव्ह, मिकोयान यांनी कागदावर स्वतः सह्या ठोकल्या. राष्ट्रप्रमुख कालिनिनचं ‘मम’ समासात दुसऱ्याच कुणीतरी लिहून टाकलं: ‘कॉ. कालिनिन – होकार’.

हा कालिनिन तुमचा आदर्श. त्वेरकडचा शेतकऱ्याचा पोर, बोकडदाढी, चष्मा. 1919 ते 1946 टिकला. लोक त्याला संघराज्याचा पाटीलच म्हणत. खेड्यापाड्यांतून माणसं अर्ज घेऊन त्याच्या मॉस्कोतल्या कचेरीत येत. हे खातं जपा. गाऱ्हाणं ऐकणारा म्हातारा वर बसलाय असं वाटलं, की लोक तालुक्याच्या साहेबाला शिव्या घालून घरी जातात.

घरचं मात्र मनावर घेऊ नका. 1938 मध्ये त्याच्या बायकोला, येकातेरिनाला, पकडून श्रमछावणीत धाडलं. माफीचं कलम नवऱ्याच्या टेबलावर, आणि ती सुटली 1945 मध्ये. तोवर हा लोकांच्या छातीवर पदकं लावत होता. तेव्हा हात थरथरू द्यायचा नाही. टाचणी समोरच्याला टोचते.

एक धोका उरतोच: गुरुजींनाच यजमान व्हावंसं वाटलं तर? 1977 च्या मे महिन्यात राष्ट्रप्रमुख पोदगोर्नीला पॉलिटब्युरोतून वगळलं, जूनमध्ये सरचिटणीस ब्रेझनेव स्वतःच त्याच्या खुर्चीत बसला. परदेशात नुसता सरचिटणीस शोभत नाही ना! मंत्रही त्याचे, ‘मम’ही त्याचंच, दक्षिणा घरातल्या घरात.

खरे हुशार असाल तर उपाध्यक्षपद मागा. कुझ्नेत्सोव्ह 1977 पासून पहिला उपाध्यक्ष होता. ब्रेझनेव गेला, आंद्रोपोव गेला, चेर्नेन्को गेला. तिन्ही वेळा नवा यजमान येईपर्यंत पळी यानेच धरली, आणि 1986 मध्ये निवृत्त होऊन सुखरूप घरी गेला.