कंटाळा सुपरहिरोंचा आलेला नाहीय

गावी फोन केला की फोंड्याच्या दादाचं ठरलेलं वाक्य, मार्व्हल संपलं रे आता, लोकांना सुपरहिरोंचा वीट आलाय. मार्व्हल म्हणजे सुपरहिरोंचे एकमेकांना जोडलेले सिनेमे काढणारी कंपनी. आमच्या भावंडांच्या ग्रुपवरपण तेच चालू असतं. मी इथे इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो, वेअरहाऊसमध्ये शिफ्टला सगळ्या देशांची माणसं, आणि ब्रेकमध्ये ह्याच विषयावर वेगळंच ऐकू येतं. कोणी कंटाळलो म्हणत नाही, विचारतात की हा नवीन बघायच्या आधी काय काय बघावं लागेल? मला वाटतं खरं दुखणं ह्या प्रश्नात आहे.

आकडेच बघा ना. २००८ ते २०१० मध्ये सिनेमे आले तीन, आयर्न मॅन, हल्क आणि परत आयर्न मॅन. २०२१ ते २०२३ मध्ये आले दहा, आणि वर डिस्ने प्लसच्या सिरीज वेगळ्या! २०२२ च्या डॉक्टर स्ट्रेंज सिनेमात वांडा हे पात्र असं का वागतं ते कळायला आधी तिची सिरीज बघायची, २०२३ च्या द मार्व्हल्स सिनेमाला तर दोन सिरीजचा अभ्यास. इथे बिलं वाढल्यावर माणूस पहिलं काय बंद करतो तर असली सबस्क्रिप्शन, मग तो अर्धवट माहितीवर तिकीट कशाला काढेल? द मार्व्हल्स सगळ्या जगात मिळून वीसेक कोटी डॉलरवर थांबला. पण पुढच्याच वर्षी मार्व्हलच्याच डेडपूल अँड वूल्व्हरिनने १३० कोटी डॉलरच्या वर कमावले, वीट आलेली माणसं एवढी गर्दी करतात का दादा?

आपल्याकडे जत्रेत दशावतार होतो, संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, तरी पहाटेपर्यंत कथा कुठे पोचायची हे प्रत्येकाला पक्कं माहीत असतं. २०१९ च्या एंडगेमपर्यंतच्या बावीस सिनेमांत मला तेच दिसायचं, वाट कितीही वाकडी झाली तरी थानोस हा मोठा व्हिलन समोर होता. नंतर कांगला मोठा व्हिलन म्हणून आणला, त्याचं काम करणाऱ्या नटाला मार्व्हलने २०२३ च्या शेवटी काढून टाकलं आणि सगळा बेत कोसळला, आता आयर्न मॅन झालेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनिअरलाच डॉक्टर डूम ह्या नव्या व्हिलनच्या रूपात परत आणतायत. जुना लाडका चेहरा आणला म्हणजे गोष्ट सापडली असं नाही, इथे दादाचं मला पटतं.

गावच्या चर्चेत अजून एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे काम करणारी माणसं. लंडनमध्ये व्हीएफएक्सचे, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं बनवणारे मोठे स्टुडिओ आहेत म्हणून इथे त्याबद्दल बोललं जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्सवाल्यांनी युनियनसाठी एकमताने मत दिलं. २०२३ च्या क्वांटमेनिया सिनेमातली कच्ची दृश्यं बघून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, एवढा माल एवढ्या घाईत मागितला की कलाकार तरी काय करणार. मार्व्हलची मालक कंपनी डिस्ने, तिचा तेव्हाचा प्रमुख बॉब आयगर ह्यानेच कबूल केलं की जास्त काढण्याच्या नादात लक्ष विखुरलं.

२०२४ मध्ये एकच सिनेमा काढला ते बरं केलं. २०२५ चा फॅन्टास्टिक फोर तर आधीचं काही न बघताही समजतो, मला तीच दिशा बरोबर वाटते. डॉक्टर डूमच्या डूम्सडे सिनेमाला डिसेंबर २०२६ ची तारीख दिलीय. आमच्या ताईच्या मुलाने एकही सिरीज बघितलेली नाही, त्याला पणजीच्या थेटरात बसून तो सिनेमा नुसता बघून कळला पाहिजे, नाही कळला तर पुढच्या फोनला मी दादाच्या बाजूने बोलेन.