‘पोरं तोडणाऱ्यांची मदतनीस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला, म्हणून आठवडाभर गप्प बसले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. इथे अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसमध्ये मी ‘कासा’ म्हणून, म्हणजे छळ किंवा दुर्लक्षामुळे सरकारनं घरातून हलवलेल्या मुलांच्या खटल्यांत कोर्टानं नेमलेली मुलाच्या बाजूची स्वयंसेवक म्हणून काम करते. सरांच्या मते हे गरिबांची पोरं काढून घेणाऱ्या सरकारला फुकटात हातभार लावणं झालं. नॉर्वेतलं प्रकरण विसरलात का, वकील नसताना दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायचा अधिकार कुणी दिला, आणि एवढीच कळकळ असेल तर आपल्या महाराष्ट्रात पोरं कमी आहेत का, असे तीन सवाल आहेत. खाली सही, ‘एक निवृत्त शिक्षक, सातारा’.

नॉर्वे विसरलेले नाही. २०११ साली स्टाव्हांगरमध्ये कोलकात्याच्या जोडप्याची दोन लहान मुलं सरकारनं ताब्यात घेतली. हातानं भरवणं, मुलाला आपल्याच अंथरुणात झोपवणं यावरही अधिकाऱ्यांनी बोट ठेवलं, असं आईबापांचं म्हणणं होतं. पुढे मुलं भारतात काकांकडे आली आणि २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती आईच्या स्वाधीन केली. तेव्हा तुमच्यासारखीच मीही चिडले होते.

आणि तरीही तसलीच चूक मी स्वतः करून बसले. पहिलीच केस. (तपशील बदललेत, मुलांची ओळख उघड करायची नसते.) आईच्या घरी पाहणीला गेले आणि अहवालाच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं, ‘घरात पलंग नाही, दोन्ही मुलांची गादी जमिनीवर.’ आमच्या सुपरवायझर बाईंनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘तू लहानपणी कुठे झोपायचीस?’ अहो, डोंबिवलीच्या दीड खोलीत आम्ही पाच जण, रात्री गाद्या घालायच्या, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात. पलंग एकच, त्यावर आजी. ते सगळं मी वीस वर्षांत कुठे ठेवून आले होते कोण जाणे. वाक्य खोडलं. मध्यमवर्गीय स्वयंसेवक आपलंच घर मापाला धरून गरिबांचं घर जोखतात, ही टीका इथले कायद्याचे अभ्यासकही करतात. माझ्यापुरती ती शंभर टक्के खरी निघाली. इथल्या सरकारी आकड्यांत छळ आणि दुर्लक्षाला बळी पडलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलं दुर्लक्षाची बळी असतात, आणि दुर्लक्ष कुठे संपतं नि गरिबी कुठे सुरू होते हे फायलीत बसून दिसत नाही. टेक्ससनं २०२१ मध्ये दुर्लक्षाची व्याख्याच आवळली. आता मुलाला प्रत्यक्ष इजा किंवा तातडीचा धोका दाखवावा लागतो.

आता अधिकार. तो जज देतात, लेखी आदेशानं. पद्धत सिॲटलची. तिथले जज डेव्हिड सूकप यांना अशा खटल्यांत मुलाबद्दल पुरेसं काही कळतच नाही असं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत चार लोक तरी येतील म्हणून त्यांनी बैठक बोलावली, आले पन्नास. १९७७ पासून काम सुरू झालं. मुलाचा वकील वेगळा असतो, आईबापांचे वेगळे. मी युक्तिवाद करत नाही, मूल कुणाकडे जाईल हेही ठरवत नाही. तीस तासांचं प्रशिक्षण, शपथ, आणि मग एकाच घरातली मुलं. शाळेत जा, डॉक्टरांना भेट, महिन्यातून मुलाला भेट, अहवाल लिही.

त्याच केसमधली आई. फायलीत शेरा होता, ‘पालकत्वाच्या वर्गाला चार वेळा गैरहजर, सहकार्य करत नाही.’ तिची शिफ्ट पाचला सुटायची, वर्ग साडेसहाला. तिच्याकडे गाडी नाही. एका मंगळवारी मी तिच्या कामाच्या ठिकाणाहून बसनंच निघाले. पहिली बस सतरा मिनिटं उशिरा, दुसरी डोळ्यांदेखत सुटली, पोचले तेव्हा सात वाजून गेले होते आणि दार आतून बंद. तिकिटाचा फोटो आणि वेळा अहवालाला जोडल्या. जजनी तिला शनिवारचा वर्ग लावून दिला. टेक्ससमध्ये अशा खटल्याला एक वर्षाची मुदत असते, फार तर आणखी १८० दिवस. चार गैरहजेऱ्या तिथे फार महाग पडतात. मुलं अकराव्या महिन्यात घरी गेली. हे माझ्यामुळे झालं असं म्हणत नाही, बस तिनंच पकडल्या.

पण प्रत्येक गोष्ट अशी नसते, सर. दुसऱ्या केसमधला मुलगा आठ वर्षांचा. शाळेच्या नर्सच्या वहीत त्याच्या पोटदुखीच्या नोंदी होत्या, जवळजवळ सगळ्या शुक्रवारच्या. शुक्रवारनंतर दोन दिवस आईच्या घरी राहायचं असायचं. तरी त्याला आईकडेच जायचं होतं. त्याच्या वकिलानं त्याची इच्छा मांडली, ते त्याचं कामच. मी अहवालात त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहिलं आणि खाली माझं मत लिहिलं, की इतक्यात पाठवू नये. ते त्याला कळलं. पुढच्या दोन भेटी तो माझ्याकडे पाठ करून लेगो जुळवत बसला, एक शब्द बोलला नाही. ते मत बरोबर होतं असं मला आजही वाटतं. त्याची पाठ मात्र विसरता येत नाही.

महाराष्ट्राचं म्हणाल, तर मी राहते इथे, आणि हे काम फोनवरून होत नाही. पण तुमच्याकडे वाव नाही असं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मुलाला पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सोबत करायला समिती ‘सहाय्यक व्यक्ती’ नेमते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तर तुम्ही वर्गाच्या भिंतीवर लावलाच असेल. तीस वर्षं पोरं सांभाळलेल्या माणसाला पोटदुखी कुठली खरी आणि कुठली शुक्रवारची, हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि तुमचा तो शेवटचा टोमणा, ‘याचे डॉलर किती मिळतात?’ काही नाही, सर. पेट्रोलसुद्धा आपलंच. त्या दिवशीच्या बसचे पैसे मात्र नवऱ्यानं दिले, तो सोबत होता म्हणून.