प्रतिसरकारचा वारसा सांगता, मग ग्रामसभेला कुठं असता?

१५ ऑगस्ट जवळ आला की आमच्या वाळवा-पलूस भागात सगळ्यांच्या स्टेटसला प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातच लोकांनी चालवलेल्या समांतर सरकारचे, नेते क्रांतिसिंह नाना पाटील येतात. यावेतच. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रक्कम घेऊन निघालेली रेल्वे अडवली, २४ जुलैला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि त्यात अण्णासाहेब पत्रावळे, बाबूराव जाधव हुतात्मा झाले. आजही ऐकताना अंगावर काटा येतो.

पण मला प्रतिसरकारचं खरं अप्रूप वाटतं ते न्यायदान मंडळांचं. गोऱ्यांचं राज्य चालू, डोक्यावर पोलिसांचा ससेमिरा, आणि सातारा जिल्ह्यातली (आपला वाळवा तालुका तेव्हा त्यातच होता) माणसं बांधाची भांडणं गावातच मिटवत होती, दारू बंद करत होती, कर्ज काढून लग्न नको म्हणून साधे गांधी विवाह लावत होती. रेल्वे एका दिवसात अडवता येते हो. भाऊबंदकीचा तंटा ऐकायला मात्र रात्र रात्र बसावं लागतं, तेही बक्षीस नाही, फोटो नाही.

आता आपलं बघा. सातबारावरचं नाव जसं आयतं आजोबांकडून आलं, तसाच गावच्या कारभारातला मताचा हक्कही. ग्रामसभेच्या कोरमला (सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला) १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढेच लागतात. शंभर माणसं! तेवढी तर एका बारशाला जेवून जातात. आमच्या गावात झेंडावंदन झालं की ग्रामसभेला न थांबता जिलेबीची पुडी घेऊन गर्दी पांगते आणि शिपाई रजिस्टर घेऊन सह्यांसाठी दारोदार फिरतो. त्यातूनही जमलं नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. म्हणजे मग चार टाळकी बसून गावाचे ठराव करणार, आणि वर्षभर कट्ट्यावर सरपंचाच्या नावानं शंख करणार आपण.

 

तर यंदा सही घरी करायची नाही. तरण्या पोरांनी पुढं बसायचं, आयाबायांनाही सोबत आणायचं. पाणीयोजनेचा आणि वित्त आयोगाच्या निधीतून गावाला मिळालेल्या पैशांचा हिशोब विचारायचा, झालेला ठराव तिथल्या तिथं वाचून घ्यायचा आणि नकलेसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (आधीचे ग्रामसेवक) अर्ज टाकायचा. कोण कोण येणार, खाली लिहा.