यादी मलाही नको, पण मतं वाया का घालवायची?

सर, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, या माझ्या मागणीवरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रमाणशीर प्रतिनिधित्व आलं की इस्रायलसारखी खिचडी सरकारं येणार, पक्षांनी मुंबईहून ठरवलेल्या यादीतली माणसं आमच्या डोक्यावर बसणार, सामान्य माणसाला उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देणं जमणार नाही, आणि बाबासाहेबांनीच संविधान सभेत ही पद्धत नाकारली होती. वर ‘हरलेल्यांनाच पद्धत खोटी वाटते’ हा टोला.

टोल्यापासूनच सुरू करतो. २०२४ च्या लोकसभेला राज्यात युती आणि आघाडी, दोघांनाही ४३-४४ टक्क्यांच्या आसपास मतं. जागा मात्र १७ आणि ३०. तेव्हा कुरकुर युतीची होती. सहा महिन्यांत विधानसभा झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा आघाडीला मिळाली नाही. करवीर तर जेमतेम दोन हजारांच्या फरकानं गेली. जिल्ह्यातल्या लाखो मतदारांचा सभागृहात माणूसच नाही. आता सांगा, यात हरलेला नेमका कोण?

हातकणंगले लोकसभेचंच बघा. धैर्यशील माने १३,४२६ मतांनी आले, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या राजू शेट्टींना पावणेदोन लाखांहून जास्त मतं होती. मग चहाच्या टपरीवर एकच विषय, ‘शेट्टींनी मतं खाल्ली’. मला हे बोलणंच पटत नाही. मतं काय कुणी सातबाऱ्यावर लिहून दिली होती? पसंतीक्रम असता तर शेट्टींच्या मतदारानं दुसऱ्या क्रमांकावरच्या ठाकरे गटाच्या मशालीपुढे दोन लिहायचा की मानेंच्या धनुष्यबाणापुढे, हे त्याचं त्यानं ठरवलं असतं. कदाचित मानेच आले असते. येऊ देत की.

यादीला माझाही विरोध आहे. मी म्हणतोय ती आयर्लंडची पद्धत. तिथे एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून जातात, मतपत्रिकेवर उमेदवारांचीच नावं असतात, आणि मतदार १, २, ३ असे आकडे घालतो. आपल्या दहा जागांचे पाच-पाचचे दोन मतदारसंघ केले, तर निवडून यायला एक षष्ठांशाच्या किंचित वर, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास मतं लागतील. इस्रायलमध्ये अख्खा देश हाच एक मतदारसंघ आणि जागा मिळायला पक्षाला लागणारा किमान मतांचा उंबरठा ३.२५ टक्के. दोन्ही एका मापानं कसं मोजता येईल? आणि खिचडीचं म्हणाल, तर २०१९ ते २०२४ या एकाच विधानसभेत आपण तीन मुख्यमंत्री आणि दोन फुटलेले पक्ष पाहिले. तेही सध्याच्या, ‘स्थिर’ म्हणवणाऱ्या पद्धतीत.

पसंतीक्रम जमणार नाही? आमदार पसंतीक्रमानं मत देतात ती जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक आठवा. सहाव्या जागेसाठी धनंजय महाडिक विरुद्ध संजय पवार, दोघेही कोल्हापूरचेच. पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३, महाडिकांना २७. तरी आले महाडिक, कारण त्यांच्याच भाजपच्या गोयल आणि बोंडे यांची कोट्यावरची, म्हणजे निवडून यायला लागतात त्याहून जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीनं त्यांच्याकडे वळली. दुसऱ्या दिवशी हे गणित पेठेतली पोरंसुद्धा एकमेकांना समजावून सांगत होती. विधान परिषदेच्या पदवीधर निवडणुकीत जांभळ्या पेनानं आकडा लिहायचा सोडून बरोबरची खूण करून मत बाद करणारे आमचे डिग्रीवाले आहेत, हे मान्य. पण तो शिकवण्याचा प्रश्न झाला आणि त्यातले तज्ज्ञ तुम्ही.

बाबासाहेबांचा दाखला बरोबर आहे, पण अर्धा. जानेवारी १९४९ मध्ये त्यांनी दोन कारणं दिली होती, साक्षरता आणि सरकारचं स्थैर्य. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, त्यामुळे पहिलं कारण तेव्हा बिनतोड होतं. आज ते उरलेलं नाही. दुसरं अजून जिवंत आहे आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण त्याच संविधानानं राज्यसभेसाठी हीच पद्धत ठेवली, हेही लिहायला हवं होतं.

मला खरी अडचण वाटते ती तुम्ही काढलीच नाहीत. पाच जागांचा मतदारसंघ म्हणजे जवळपास अर्धा जिल्हा. चंदगडच्या टोकाला राहणाऱ्या, पदरी साखर कारखाना नसलेल्या उमेदवारानं एवढ्या मुलखात फिरायचं कशावर? शिवाय एकाच पक्षाचे तिघे उभे राहिले की आधी एकमेकांचे पाय ओढणार. त्यावर माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा.