पृथ्वीप्रदक्षिणा, वरून शेव

मुलांना जग दाखवायचं असेल तर भिंतीला नकाशा डकवावा आणि मोकळं व्हावं. ‘हाताने करून शिका’ या फंदात पडू नये. पण सुट्टी लागली की आमच्या बिल्डिंगमधली मुलं जिन्यात क्रिकेट खेळतात, आणि पहिली काच फुटली की त्यांच्या आयांना संस्कार आठवतात. “काकू, तुम्ही घरीच असता ना?” हे वाक्य इंदूरमध्ये ज्या बाईच्या कानी पडलं, तिचा उन्हाळा गेलाच म्हणून समजा.

ठरलं असं की दर रविवारी एक देश. एक पदार्थ, एक हस्तकला. झेंडे रंगवणं मी आधीच बाद केलं. शाळेत झेंडे रंगवून या मुलांना फ्रान्सचे पट्टे उभे आणि नेदरलँड्सचे आडवे एवढं पाठ आहे. तिथली माणसं खातात काय, असं विचारलं की दोन्हीकडे ‘पिझ्झा’.

जपान तसा सुखात पार पडला. ओनिगिरी म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके, बाहेरून नोरीची पट्टी. त्याला चिकट भात लागतो. नणंदेने पुण्याहून आणलेला आंबेमोहोर कामी आला. आत उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ घालतात. त्याच्या जागी सासूबाईंच्या बरणीतलं मुरलेलं लिंबू गेलं. “मुदीला कोपरे काढायचे तर त्याला जपान कशाला हवा?” एवढं बोलून सासूबाई माजघरात गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या जैन मुलीने नोरी हुंगून विचारलं, “आंटी, ये मछली तो नहीं है?” समुद्रातलं शेवाळ आहे म्हटल्यावर ती आणखीच मागे सरकली. तेवढ्यात एका महाशयांनी खिशातून लवंगी शेवेची पुडी काढली आणि ओनिगिरीवर उपडी केली. तेव्हापासून आमच्याकडे जगातला एकही देश शेव आणि जिरावण या इंदुरी मसाल्याशिवाय घशाखाली उतरला नाही.

इथिओपियाचा इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचं भलंमोठं, जाळीदार, आंबूस घावन. ते टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं करतात. ते धान्य सियागंजात मागितलं तेव्हा दुकानदाराने मला टेप दाखवली. मग ज्वारी आणि नाचणी. यात लाज वाटायचं कारण नाही, कारण ही दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेच्या त्याच बाजूची. म्हणजे आजी-आजोबा ज्या भाकरीला ‘आपलं गावाकडचं’ म्हणतात, तिचं माहेर तिकडे आहे. इंदूरच्या उन्हाळ्यात पीठ असं आंबलं की सकाळी पातेल्यावरचं झाकण सरकलेलं. इथवर ठीक होतं. पण तिथे सगळे एकाच ताटात जेवतात, आणि प्रेमाच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवतात. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. मुलांनी एकमेकांना इतक्या उत्साहाने गुर्शा केला की संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर उष्ट्या-खरकट्यावर चर्चासत्र भरलं. लग्नात उखाणा घेऊन नवऱ्याला जिलेबी भरवणाऱ्या बायकाच त्यात पुढे होत्या.

खरी परीक्षा मेक्सिकोची.

मक्याची भाकरी आमच्या माळव्यात होतेच, त्यामुळे ह्यांनी सोफ्यावरूनच निकाल दिला, “त्यात काय शिकवायचं?” पण तिथल्या तॉर्तियाचं मर्म पिठात नाही, चुन्यात आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, मग चोळून धुवायचे. किलोभर मक्याला साधारण 10 ग्रॅम चुना. खाण्याचा चुना मिळतो पानाच्या टपरीवर. भर दुपारी टपरीवर उभी राहून मी चुना मागितला, तेव्हा पानवाल्याने आधी माझ्याकडे आणि मग आमच्या खिडकीकडे पाहिलं. “भाभीजी, भैया के लिए?” मी म्हटलं, मेक्सिकोसाठी. त्याने मुकाट्याने पुडी बांधून दिली. दुसऱ्या दिवसापासून तो ह्यांच्याकडे जरा सहानुभूतीने पाहू लागला.

चुन्याचं पाणी मीच हाताळलं. मुलांच्या हाती दाणे दिले ते सातआठ पाण्यांनी धुतल्यावर. बोटांत धरून चोळलं की दाण्याचं साल चिकट होऊन अलगद निसटतं, आणि ओल्या मातीसारखा एक वास येतो. क्रिकेटवाले बहाद्दर तासभर तोंडातून शब्द न काढता साली काढत बसले. मिक्सरने हात टेकले तेव्हा सासूबाईंनी पाटा-वरवंटा काढला. मेक्सिकोतल्या बायका तीन पायांच्या उतरत्या दगडावर असाच मका वाटत आल्यात, हे ऐकून त्या प्रसन्न झाल्या. “मग शहाण्या आहेत,” म्हणाल्या, आणि ओळखदेख नसताना एका अख्ख्या देशाला पास करून टाकलं.

मी मुलांना सांगितलं की युरोपवाल्यांनी अमेरिकेतून मका नेला, पण ही चुन्याची रीत तिथेच सोडली. चुन्याशिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. मग निव्वळ मक्यावर जगणाऱ्या स्पेन-इटलीतल्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, डोकंसुद्धा फिरायचं. स्पेनमधल्या एका डॉक्टरने 1735 मध्ये या रोगाची नोंद केली. “मतलब मक्के ने ही उनको चूना लगा दिया,” शेवेची पुडीवाला म्हणाला. इतिहासाचं इतकं नेमकं उत्तर मी कुठल्या पेपरात वाचलेलं नाही.

हस्तकलेत पिन्याटा. मातीच्या मडक्यावर कागद चिकटवायचे, सात शिंगं लावायची, आत गोळ्या भरायच्या आणि डोळे बांधून काठीने फोडायचं. मुलांना वाटलं दहीहंडीच. पण ती शिंगं म्हणजे ख्रिस्ती धर्मातली सात पापं. आपले षड्रिपू सहा, म्हणून मी ताळा करून पाहिला. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर दोन्हीकडे आहेत. आपला मोह त्यांच्याकडे नाही, आणि त्यांचे खादाडपणा आणि आळस आपल्या यादीत नाहीत. ज्या शहरात दिवसभर सोनं विकणारा सराफा रात्री गराडूचे कंद तळतो, तिथे खादाडपणाला पाप म्हणणार कोण? त्या शिंगासाठी मुलांत मारामारी झाली. आळस कोणालाच नको होता; तो ज्याच्या वाट्याला आला त्याने कसाबसा खळीत बुचकळून डकवला. एक शिंग मी नाव न सांगता स्वतःच लावलं.

मडकं फुटलं. गोळ्या गच्चीवर उधळल्या. एक काठी ह्यांच्या गुडघ्याला लागली.

सोमवारी सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली. 2017 साली स्वच्छतेत देशात पहिलं आल्यापासून आमचं शहर तो नंबर जिवापाड जपतं, आणि घराघरांतून कचरा सहा प्रकारांत वेगळा मागतं. मी पिन्याटाचे अवशेष घेऊन उभी. कागद म्हणाल तर सुका, मैद्याची खळ म्हणाल तर ओली.

“ये क्या है, भाभी?” गाडीवरच्या ताईंनी विचारलं.

“सात पाप हैं.”

त्यांनी एकेक शिंग हातात घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि सुक्याच्या खणात टाकलं. सातव्यावर अंगठा आत रुतला.

“ये गीले में जाएगा.”

तो आळस होता.